होल्डची मांडणी

आमच्या गाळ्यात मागच्या भिंतीला एक लोखंडी मांडणी होती. तिच्यावर फक्त नापास पातेली ठेवायची. आणि ती पातेली दिवसभर गुणगुणायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, शेजारच्या गाळ्यात कुणी रेडिओ लावलाय. मग वाटलं, माझ्याच डोक्यात असेल. मी घाबरट बाई, माझ्या डोक्यात तसंही काही ना काही चालूच असतं. पण नाही. पॉलिशची मशीनं सुरू झाली की मिनिटा-दोन मिनिटांनी मांडणी सुरू व्हायची. एकेकटं पातेलं नाही, सगळी मिळून. खालच्या फळीवरची मोठी जाड आवाजात, वरची लहान बारीक आवाजात. बाई वर्गाबाहेर गेल्या की मुलं तोंड मिटून ‘हूं’ करतात ना, कोण करतंय ते कळू नये म्हणून, अगदी तसं. मशीन थांबलं तरी ती लगेच थांबायची नाहीत. थोडं पुढे जाऊन गप्प व्हायची.

त्या मांडणीकडे पाठ करून मी कधीच बसले नाही.

गाळा भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांचा. एकाला एक खेटून असे कितीतरी गाळे आहेत त्या गल्लीत. मी राहते जेसल पार्कच्या बाजूला, आम्ही चौघी मिळून एक खोली. माझं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे. नववी नापास झाले आणि शाळा सुटली. पुढे काही वर्षं घरीच होते, मग गावातल्या एका ताईच्या ओळखीने इथे आले.

आमच्या शाळेत निकाल लावायची एक पद्धत होती. हेडमास्तर व्हरांड्यात उभे राहून फक्त पास झालेल्यांचे नंबर वाचायचे. नापास कुणालाच म्हणायचे नाहीत. माझा नंबर तेवीस. ते म्हणाले, “एकवीस, बावीस, चोवीस.” बस. बावीस आणि चोवीसच्या मधे त्यांनी श्वास घेतला तेवढाच. मला कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. पण आजही जिना चढताना पायऱ्या मोजल्या जातात आणि बावीसनंतर माझा पाय क्षणभर थांबतो. तिथे पायरी असेल की नाही असं वाटतं.

गाळ्यात मला शिकवलं ते मावशीने. मावशी राई गावची, साठीची. तिथल्याच शेतकऱ्यांच्या घरात दिलेली. खाडीकडची त्यांची जमीन बिल्डिंगखाली गेली त्याच्याही आधीपासून ती भांड्यांच्या कामात होती. तिचं काम ऐकण्याचं. आमची पातेली सँडविच तळाची, म्हणजे तळाला ॲल्युमिनियमची चकती बसवून वरून पुन्हा स्टील. चकती नीट बसली नाही तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. पातेलं नवंकोरं, चकचकीत. पण एखाद्या दिवशी आचेवर तळ सुटतो आणि आत जे काही उकळत असेल ते अंगावर येतं. ते फक्त आवाजावरून कळतं.

पहिल्या दिवशी तिने हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, वर रुमाल गुंडाळला आणि पातेलं अंगठ्यावर टांगलं. चिंचेच्या लाकडाची वीतभर दांडी घेऊन तळाला हलकेच मारली.

“डोलं मिट,” मला म्हणाली.

“का वं मावशी?”

“वं काय वं? गो म्हन. डोलं फसवतात गो. मिट आनि आयक.”

चांगलं पातेलं लांबवर वाजायचं. वाजून झाल्यावरही हवेत थोडा वेळ राहायचं. त्याला ती म्हणायची, “बोलतंय.” आणि दुसरं एक मारलं की नुसतं थप्. जसं काही आत कुणी तोंडावर हात ठेवलाय. त्याला म्हणायची, “मुकं हाय.” तिच्याकडे हे दोनच शब्द होते.

मुक्या पातेल्याबद्दल तिचा एक नियम होता. काम सुटायच्या आत जाड पोलादी खिळा आणि हातोडी घेऊन ती त्याच्या पोटात भोक पाडायची. मगच ते भंगारात. भोक पाडल्याशिवाय एकही मुकं पातेलं रात्रभर गाळ्यात राहू द्यायची नाही.

“अख्खं राह्यलं तर कुनी ना कुनी त्याला चुलीवर ठेवंल,” ती म्हणायची.

तिच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, गुलाबी होती. मी एकदाच विचारलं. “दूध होतं,” एवढंच म्हणाली.

मावशीचे उपकार मी किती सांगू. मला डब्यातली बोंबलाची चटणी दिली, मी ती पहिल्यांदा खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा पोट धरून हसली. ताप आला तर खोलीवर पेज पाठवली. तिने कधीच विचारलं नाही की तू किती शिकलीस. माझ्यासाठी हेच फार होतं.

मग स्टिकर आले.

शेठच्या सूनबाई, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, चांगल्या शिकलेल्या. कुणी तरी नवीन मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्यांना प्रत्येक खराब नगावर इंग्रजीत कारण हवं होतं. मॅडमनी टेबलावर सात रंगांची सात रिळं मांडली. फेल. रिजेक्ट. डिफेक्ट. रिवर्क. सेकंड. स्क्रॅप. होल्ड.

“सगळ्याचा अर्थ नापासच ना मॅडम?” मी विचारलं.

“नहीं नहीं. देखो, रिवर्क म्हणजे परत मशीनवर. सेकंड म्हणजे थोडा डाग आहे, पण चलता है. स्क्रॅप म्हणजे भंगार. रिजेक्ट म्हणजे गिऱ्हाईक घेणार नाही.”

“आणि होल्ड?”

“होल्ड म्हणजे फेल नाही. अभी देखना है. बाद में ठरवू.”

मला शाळेत हे रीळ कुणी दाखवलं असतं तर!

त्या दिवसापासून मला नादच लागला. एक छोटी वही केली आणि त्यात नापासाचे इंग्रजी शब्द लिहायला लागले. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर पुठ्ठा होता, आउट ऑफ ऑर्डर. भाजीवाल्याकडे मोबाइल म्हणायचा, पेमेंट फेल्ड. खोलीतल्या एकीला दोन विषयांत एटीकेटी होती, दुसरीचा इंटरव्ह्यू फ्लॉप झाला, तिसरीचं ब्रेकअप. रिक्षावाला म्हणाला, ब्रेक फेल. दवाखान्यात एक बाई रडत सांगत होती, किडनी फेल. मराठीत एकच नापास, त्यात सगळ्यांना कोंबायचं. इंग्रजीवाल्यांकडे प्रत्येकाला वेगळी खोली. मला वाटलं, नापास होणाऱ्यांची सोय बरी ठेवलीय यांनी.

मग मॅडम एकदा आमचे फॉर्म भरत होत्या. “एज्युकेशन?”

“नववी... नापास.”

“ड्रॉपआउट लिहिते. अच्छा दिखता है.”

“म्हणजे?”

“म्हणजे मधेच... गिर गया बाहर.”

मी तो शब्द वहीत लिहिला, पण त्याचं पान पुन्हा उघडलं नाही. बावीस आणि चोवीसच्या मधल्या जागेचं नाव मला आता कळलं होतं.

स्टिकर आल्यावर खिळा बंद झाला. गिऱ्हाईकाला नग अख्खा दाखवावा लागतो, मॅडम म्हणाल्या. मावशी भांडली. “कागदानं काय होनार? कागुद निगून गेला म्हंजी?” पण तिचं कुणी ऐकलं नाही. ती दांडी मारायची, ‘मुकं हाय’ म्हणायची आणि कोणतं रीळ लावायचं ते मी ठरवायचं.

मी सगळ्यांना होल्ड लावलं. दुसऱ्या रिळाला माझा हातच जाईना. स्क्रॅप लावायला घेतलं की हेडमास्तरांचा तो श्वास ऐकू यायचा. मॅडमना वेळ नव्हता, त्यांचं ते ‘बाद में’ काही यायचं नाही, आणि मांडणी भरत गेली. एक फळी, दोन फळ्या, मग वरपर्यंत. मग ती गुणगुणायला लागली.

मावशी मांडणीकडे बघायची नाही. “इतक्या मुक्यांना एका जागी ठेवू नये,” म्हणायची. दिवाळीपासून तिने बसायची जागाही बदलली होती. आधी आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आता ती मला समोर बसवायची. म्हणायची, उजेड बरा पडतो.

एकदा मी धीर करून विचारलं, “मावशी, ही पातेली गुणगुणतात ना हो?”

तिने माझ्याकडे बघितलं. मग मांडणीकडे. मग परत माझ्याकडे. बराच वेळ.

“व्हय,” म्हणाली. “गुनगुनतात.”

माझ्या अंगावर काटा आला. पण बरंही वाटलं. म्हणजे मला वेड लागलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाला मला ताप आला. चार दिवस खोलीवर पडून होते. आई फोनवर रोज विचारायची, “तुले कामावरून काढून तं नाई ना टाकत वं?” पाचव्या दिवशी तोंडाला चव नसताना गेले. दाराशी खोक्यांची रास तयार होती. चार दिवसांचा माल, चार वाजता टेम्पो येणार होता. एका खोक्याला चिकटपट्टी लावायची राहिली होती. आत माहितीचा कागद घालायला मी पातेलं बाहेर काढलं आणि सवयीने दांडी मारली.

थप्.

दुसरं काढलं. बोललं. तिसरं, थप्.

मी तिन्ही परत ठेवली. वाटलं, तापाने माझेच कान बसलेत. नाही तर मावशी चुकणं कसं शक्य आहे?

तेवढ्यात लाइट गेली.

मशीनं थांबली. मांडणीचा आवाज नेहमीसारखा थोडा पुढे गेला आणि विझला. पॉलिशवाले चहाला बाहेर पडले, एक जण तेवढा दाराशी राहिला. दुपारचे दोन वाजले असतील, पण आभाळ भरून आलेलं, गाळ्यात काळोख. मावशी दाराकडे तोंड करून कागदाच्या घड्या घालत बसली होती. मी तिच्या मागे उभी राहिले. हातात चांगलं, बोलणारं पातेलं घेतलं. का घेतलं ते मला आजही सांगता येणार नाही. दांडी जोरात मारली.

आवाज अख्ख्या गाळ्यात फिरला. दाराशी उभ्या माणसाने वळून बघितलं. मांडणीवरच्या दोन-तीन पातेल्यांनी आपसूक उत्तर दिलं.

मावशीने कागदाची घडी घातली. मग दुसरी.

“मावशी,” मी म्हटलं.

तिसरी घडी.

तिच्या मानेवरच्या त्या बारीक अंबाड्याकडे बघत मी उभी राहिले. एवढी भीती मला त्या मांडणीची पण कधी वाटली नव्हती. दोन वर्षं रोज जिच्याशी बोलत होते, ती आत्ता या जागी नव्हतीच. पातेलं आणि दांडी खाली ठेवून मी चालत तिच्या समोर गेले. मला बघून ती हसली आणि लगेच तिचं हसू गेलं.

“काय गो, चेहरा का असा पाडलास? मुकं हाय का?”

मी तिच्यासमोर काहीच वाजवलं नव्हतं. माझे हात रिकामे होते.

“तुम्हाला ऐकू येत नाही,” मी म्हटलं.

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मला वाटलं ती रागावेल. ती फक्त बांगड्या खाली-वर करत राहिली.

“दिवालीपासून,” म्हणाली. “पह्यला एक कान गेला. मंग दुसरा. मोठं बोलल्यालं थोडं कलतं, समोर आसलं तर. पातेल्याचं काय बी न्हाय.”

“मग रोज कसं ओळखायचा?”

“तुज्या तोंडावरून. मी मारायची आनि तुला बगायची. तुजा चेहरा पडला का मुकं.”

म्हणजे उजेडाचं कारण नव्हतंच. ती मला समोर बसवून मला वाचत होती. आणि चार दिवस मी नव्हते, तेव्हा समोर वाचायला कुणी नव्हतं. त्या चार दिवसांचा माल दाराशी, टेम्पोची वाट बघत.

“मावशी,” मी म्हटलं, “पण माझा चेहरा तर सदाच पडलेला असतो.”

तेवढ्यात लाइट आली. पॉलिशवाले परत आले, मशीनं सुरू झाली. मांडणी गुणगुणायला लागली, खालून जाड, वरून बारीक, सगळी मिळून. आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो. ती बघत होती, मी ऐकत होते. ही पातेली मुकी असती तर बोलली कशी असती?

आई फोनवर रडली त्या दिवशी माझा चेहरा पडला होता. मॅडम नुसत्या मागून गेल्या तरी पडायचा. एखादं पातेलं जरा वेगळं वाजलं की मलाच काही कळत नाही असं वाटून पडायचा. प्रत्येक वेळी समोरून आवाज यायचा, “मुकं हाय,” आणि मी निमूटपणे होल्ड चिकटवायची. मावशी सांगतेय म्हणजे खरंच असणार. तिला वाटायचं, पोरगी ऐकतेय म्हणजे खरंच असणार.

“मॅडमला सांगशील?” तिने विचारलं. तिच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. उपाशी कुणी मेलं नसतं. पण तिने मला मागे सांगितलं होतं, घरी बसले तर मी कोपऱ्यातली होईन गो. आमच्यात कोपऱ्यातल्या बायांना कुनी काय विचारीत न्हाय.

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. खोकी बंद होती, गिऱ्हाईक लांबचं होतं, कुणाला कळलं असतं? माझ्यावर तिचे एवढे उपकार. पण ती स्वतःच आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. गुळगुळीत कातडीवरून तिचा अंगठा फिरत होता.

मग ती उठली आणि कात्रीने पहिल्या खोक्याची चिकटपट्टी फाडली.

“तू मार,” म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून बसली. “मी आता तुज्याकडं बगनार न्हाय. मोठ्यानं सांग. वरडून सांग. चेहऱ्यानं न्हाय.”

मी एकेक पातेलं काढलं. बोलतंय. बोलतंय. बोलतंय. मग थप्. मी कुणाला, कशाला, कधीच नापास म्हटलं नव्हतं. ती पाठमोरी वाट बघत होती.

“मुकं हाय!” मी ओरडले. पॉलिशवाले थांबून बघायला लागले.

मावशीने मागे न बघता हात पुढे केला. मी पातेलं दिलं. तिने टेबलाच्या खणातून खिळा काढला. तो तिने टाकून दिलेलाच नव्हता.

टेम्पो आला तेव्हा दाराशी सगळी खोकी उघडी पडलेली आणि पोटात भोक पडलेली अकरा पातेली एका रांगेत. मॅडम धावत आल्या. “ये क्या किया?”

मावशीने सांगितलं. काही लपवलं नाही, दिवाळीपासूनचं सगळं. माझा चेहरा वाचायची तेही सांगितलं. मॅडम खाली बसल्या. बराच वेळ त्यांना शब्द सुचेना, आणि त्यांच्याकडे तर किती शब्द होते.

“आता मला पन एक इष्टिकर लावा,” मावशी म्हणाली. “कुठला लावताय?”

कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, “मावशी, पहिले डॉक्टरला दाखवा.”

दुसऱ्या दिवसापासून ऐकायचं काम माझ्याकडे आलं आणि खिळा तिच्याकडे. होल्डची मांडणी मी एक एक करून खाली उतरवली. बहुतेक सगळी बोलली. इतके महिने ती तेच तर सांगत होती. जी उरली त्यांच्यावर मी स्क्रॅप लावलं. गणपतीपर्यंत मावशी येत राहिली. मग यायची बंद झाली.

मशीन चालू असतं तेव्हा आता मागची भिंत गप्प असते. त्याचीही भीती वाटते कधी कधी.

कारण एक गोष्ट मी मॅडमना नंतर सांगितली, पण तेव्हा फार उशीर झाला होता. मार्चमधे, होळीला, मी गावी गेले होते. बारा दिवस. त्या बारा दिवसांचा, मावशीने एकटीने तपासलेला माल केव्हाच निघून गेला होता. मॅडमनी फोन केले, दुकानदारांना कळवलं, काही पातेली परत आली. सगळी आली नाहीत. ती कुठे कुठे कुणाच्या गॅसवर आहेत. मी कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जाते, पातेली वाजवून बघते. खोलीतल्या पोरी म्हणतात, हिला चाळा लागलाय.

गेल्या महिन्यात राईला गेले होते मावशीकडे. चारी बाजूंना इमारती उठल्यात, मधे तिचं घर. मला बघून तिला काय करू नि काय नको झालं. बोलण्याआधीच तिने दूध गॅसवर ठेवलं. पातेलं आमच्याच गाळ्यातलं, मी बघता क्षणी ओळखलं.

“हे कधीचं?” मी तिच्या समोर उभी राहून, ओठ नीट हलवत विचारलं.

“शिमग्याचं. शेठनी समद्यांना एक एक दिल्यालं. तू गावाला होतीस.”

मी गॅस बंद केला. दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं, पातेलं पालथं करून नळाखाली गार केलं. तिची लहान नात दाराशी उभी राहून बघत होती. मावशीने कपाटावरून ती चिंचेची दांडी काढून माझ्या हातात दिली. आणि मग, आपण होऊन, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी दांडी मारली.

मग तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला माझ्याकडे वळवलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने सांगितलं. तिने मान हलवली. नातीला म्हणाली, “जा गो, आजीचा खिला आन.”